कोळसा बंद होतो तो पवनचक्क्यांमुळे की नियमांमुळे?

तारमार्ग

30 सप्टेंबर 2024 रोजी ब्रिटनमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे औष्णिक वीजकेंद्र बंद झालं. देशातलं कोळशावर चालणारं ते शेवटचं केंद्र. लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टवर 1882 मध्ये सुरू झालेली कोळशाची वीज 142 वर्षांनी थांबली. बातम्यांमध्ये समुद्रातल्या पवनचक्क्यांची छायाचित्रं झळकली आणि सगळ्यांचा समज झाला की वाऱ्याने कोळशाला हरवलं.

मी वीजपारेषणात काम करतो आणि हा समज मला अपुरा वाटतो. धागा त्यासाठीच.

2012 मध्ये ब्रिटनची सुमारे 40 टक्के वीज कोळशाची होती. बारा वर्षांत ती शून्यावर आली. यात पहिला घाव कुणी घातला ते बघा. जुन्या केंद्रांना गंधक आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडवर मर्यादा घालणारा युरोपीय नियम होता. ज्यांना धूर साफ करायची यंत्रणा बसवायची नव्हती, त्यांना ठरावीक तास चालवून 2015 अखेर केंद्र बंद करणं भाग होतं. हा नियम कार्बनसाठी नव्हताच, तरी अनेक केंद्रं त्यात गेली. दुसरा घाव 2013 च्या ऊर्जा कायद्याचा. नव्या केंद्राला प्रतियुनिट 450 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा लागली. कोळशाचं केंद्र युनिटमागे साधारण 900 ग्रॅमच्या आसपास सोडतं, म्हणजे नवं केंद्र उभारायचा रस्ताच बंद.

तिसरा घाव माझ्या मते सर्वांत मोठा. युरोपच्या कार्बन बाजारात (जिथे कारखाने कार्बन सोडायचे परवाने विकत घेतात) तेव्हा टनाचा भाव 5 युरोच्या आसपास लोळत होता. ब्रिटनने 2013 पासून त्यावर स्वतःचा अधिभार लावला. सुरुवात टनाला सुमारे 5 पौंडांनी झाली आणि 2015 पासून तो 18 पौंडांवर गेला. वीज बाजारात स्वस्त केंद्राला आधी हाक जाते, महागाला शेवटी. गॅसचं केंद्र कोळशाच्या निम्म्याहून कमी कार्बन सोडतं, त्यामुळे अधिभाराचा फटका कोळशाला दुपटीने बसला आणि रांगेत गॅस पुढे आला. 2015 मध्ये कोळशाचा वाटा 22 टक्क्यांच्या आसपास होता, 2016 मध्ये तो 9 टक्क्यांवर आला. एका वर्षात! एवढ्या पवनचक्क्या एका वर्षात कुणी उभारू शकत नाही. आधीच उभी असलेली, कमी तास चालणारी गॅसकेंद्रं जास्त तास चालू लागली, एवढंच झालं.

वाऱ्याचं काम नंतरचं आणि जास्त टिकाऊ. गॅसने घेतलेली जागा हळूहळू वाऱ्याने घ्यायला सुरुवात केली. पण तिथेही वारा काही नियमांच्या आधारावरच उभा राहिला. त्यावर प्रतिसादांत बोलू.

माझं म्हणणं असं, की सौरपटल आणि पवनचक्की ही आता बाजारात मिळणारी वस्तू आहे. ती कुणीही विकत घेऊ शकतं. अवघड आहे ते नियमांची माळ योग्य क्रमाने ओवणं. मुद्दाम अशाच देशांची उदाहरणं घेतोय जिथे नियमांना काही वर्षं होऊन गेली आहेत आणि निकाल डोळ्यांसमोर आहेत.

हिशेबी

मांडणी पटली, पण या नियमांचे पैसे कोण भरतं तेही लिहा. जर्मनीचं उदाहरण घ्या. 2000 च्या कायद्याने अक्षय ऊर्जेला वीस वर्षं ठरलेला दर आणि ग्रिडमध्ये प्राधान्य दिलं. सौर विजेला सुरुवातीला युनिटमागे सुमारे 50 सेंट मिळत होते. तो बोजा ग्राहकांच्या बिलावर अधिभार म्हणून आला आणि 2017 मध्ये तो युनिटला 6.88 सेंटपर्यंत चढला. जास्त वीज खाणाऱ्या मोठ्या उद्योगांना त्यात सवलत होती. म्हणजे भाड्याच्या घरात राहणारा, ज्याला छतच नाही असा माणूस, छत असलेल्याच्या सौरपटलाचे पैसे भरत होता.

तारमार्ग

@हिशेबी, वाटप अन्यायाचं होतं हे मान्यच आहे. 2022 च्या जुलैपासून तो अधिभार शून्य करून खर्च सरकारी तिजोरीतून भागवायला सुरुवात झाली, ते आधीच व्हायला हवं होतं. पण त्या पैशाने जगाला काय मिळालं तेही मोजावं लागेल. जर्मनीने हमी दिली म्हणून मागणी तयार झाली, मागणीमुळे चीनमध्ये कारखाने उभे राहिले आणि 2010 नंतरच्या दशकात सौरपटलांचे भाव सुमारे 90 टक्क्यांनी उतरले. शिकण्याची फी एका देशाच्या घरगुती ग्राहकांनी भरली आणि फायदा सगळ्यांना झाला. त्या ग्राहकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

नवखा_वाचक

वाऱ्याला कुठल्या नियमांचा आधार मिळाला ते सांगाल का? लिलाव होतात एवढंच वाचलंय.

तारमार्ग

@नवखा_वाचक, सांगतो. जरा लांबेल, कारण सगळी मेख इथेच आहे.

पवनचक्कीला इंधन लागत नाही. म्हणजे जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करायचा आणि वसुली पंधरा-वीस वर्षांत. गॅसकेंद्राचं उलट आहे, ते उभारायला तुलनेने स्वस्त, पण रोज इंधन विकत घ्यायचं. त्यामुळे पवनचक्कीच्या विजेचा खरा भाव वाऱ्यापेक्षा व्याजदरावर ठरतो. उद्या विजेला काय भाव मिळेल हे माहीत नसेल तर बँक जास्त व्याज लावते आणि प्रकल्प महागतो.

ब्रिटनने यावर 'फरकाचा करार' आणला. लिलावात कंपनी एक भाव बोलते. समजा तो 50 ठरला. बाजारात वीज 40 ला गेली तर वरचे 10 तिला मिळतात. बाजारात 80 मिळाले तर 30 तिने परत करायचे. 2024 पर्यंतच्या लिलावांत पंधरा वर्षं असंच, महागाईशी जोडलेलं. कंपनीच्या डोक्यावरची भावाची टांगती तलवार काढली की व्याज उतरतं, व्याज उतरलं की भाव उतरतो. 2021-22 च्या हिवाळ्यात गॅस कडाडला तेव्हा असे करार असलेल्या प्रकल्पांनी खरोखर पैसे परत केले.

आता याच नियमाचं अपयश. 2023 च्या लिलावात सरकारने समुद्री वाऱ्यासाठी कमाल भाव 2012 च्या किमतीत मेगावॉट-तासाला 44 पौंड ठेवला. मधल्या काळात पोलाद, जहाजं आणि व्याज सगळं महागलं होतं. जुलै 2023 मध्ये एका मोठ्या कंपनीने आधीच जिंकलेला नॉरफोक बोरियास हा प्रकल्प खर्च 40 टक्क्यांनी वाढल्याचं सांगून थांबवला. इशारा पुरेसा स्पष्ट होता, तरी कमाल भाव बदलला नाही. निकाल लागला तेव्हा समुद्री वाऱ्याची एकही बोली आली नव्हती. पुढच्या वर्षी मर्यादा 73 पौंडांवर नेली आणि प्रकल्प परत आले. वारा तोच, समुद्र तोच, यंत्रंही तीच. एका आकड्याने पूर्ण एक वर्ष वाया गेलं.

लोड_डिस्पॅच

उत्तम धागा. पण 'नियम' म्हणताना सगळे पैशाच्या नियमांवर थांबतात. नियंत्रण कक्षात बसणाऱ्यांना तांत्रिक नियम जास्त छळतात, त्यावर लिहितो.

28 सप्टेंबर 2016 रोजी दक्षिण ऑस्ट्रेलिया हे अख्खं राज्य अंधारात गेलं. वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले, व्होल्टेज लागोपाठ खाली गेलं, आणि अनेक पवनचक्क्या एकापाठोपाठ उत्पादन कमी करत गेल्या. का? त्यांच्या नियंत्रण प्रणालीत अशी जुळणी होती की काही मिनिटांत ठरावीक वेळांपेक्षा जास्त धक्के बसले तर मागे सरकायचं. ही जुळणी ग्रिड चालवणाऱ्या संस्थेला माहीतच नव्हती. शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर सगळा भार आला, ती तुटली, आणि संपलं.

देशभर 'वाऱ्यामुळे अंधार' अशी ओरड झाली. उपाय मात्र किती साधा होता बघा. जुळणी बदलली. अशी माहिती देणं बंधनकारक झालं. 2017 मध्ये हॉर्न्सडेलला 100 मेगावॉटची बॅटरी बसली, 2021 मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर आले. हे यंत्र वीज तयार करत नाही. जड फिरणारा भाग ग्रिडच्या तालात फिरत राहतो आणि फ्रिक्वेन्सी घसरायला लागली की स्वतःच्या वेगातून आधार देतो. व्होल्टेजही सांभाळतं. कोळशाची टर्बाइन्स हे काम आपसूक करत होती, त्यामुळे त्याचे वेगळे पैसे कुणी मोजले नव्हते. कोळसा गेला की हे काम नियमात लिहावं लागतं आणि त्याचा मोबदलाही द्यावा लागतो.

स्पेनमध्ये 28 एप्रिल 2025 ला देशभर वीज गेली, त्याचं मूळही याच्या जवळपास जातं. तिथे व्होल्टेज वाढत गेलं. सौर आणि पवन प्रकल्प ते खाली खेचायला मदत करू शकत होते, त्यांची वीज ग्रिडजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये ती ताकद असते. पण जुन्या नियमाप्रमाणे त्यांनी ठरलेल्या पॉवर फॅक्टरवरच, म्हणजे व्होल्टेज बघून काहीही न बदलता, चालायचं होतं, व्होल्टेज सांभाळायची जबाबदारी त्यांच्याकडे नव्हती. अंगात बळ असून कागदाने हात बांधलेले.

हिशेबी

@लोड_डिस्पॅच, हे पहिल्यांदाच इतकं स्पष्ट वाचलं. सिंक्रोनस कंडेन्सरचा खर्च मग सौर विजेच्या भावात धरायला नको का? '2 रुपयांत सौर वीज' छापाच्या मथळ्यांत तो कुठे असतो?

लोड_डिस्पॅच

धरायलाच हवा. साठवणूक, पारेषण, हे कंडेन्सर, सगळं. फक्त त्याच न्यायाने कोळशाच्या विजेत धुराने होणारे आजार आणि राखेचे तलावही धरा.

पारेषणावरून आठवलं. टेक्सासमध्ये वारा पश्चिमेच्या ओसाड भागात आणि वस्ती पूर्वेला. लाइन नाही म्हणून पवनचक्की नाही, पवनचक्की नाही म्हणून लाइन नाही. 2005 मध्ये तिथल्या विधिमंडळाने ही कोंडी फोडली. नियामकाने आधी वाऱ्याचे पट्टे आखले आणि तिथवर लाइन बांधायला सांगितलं, प्रकल्प येतील या भरवशावर. सुमारे 5,800 किलोमीटर वाहिन्या, सुमारे 7 अब्ज डॉलर, खर्च सगळ्या ग्राहकांवर वाटलेला. 2014 च्या सुरुवातीपर्यंत काम झालं आणि वारा खरंच आला. हे राज्य हवामान धोरणासाठी प्रसिद्ध नाही, तेलासाठी आहे! चीनमध्ये उलट घडलं. पवनचक्क्या आधी, वाहिन्या मागून, आणि कोळसाकेंद्रांना ठरलेल्या तासांची हमी तशीच. 2016 मध्ये वाऱ्याची सुमारे 17 टक्के वीज घेताच आली नाही, गान्सू प्रांतात तर 43 टक्के.

खाणपट्टा

इथे सगळे यंत्रांबद्दल बोलताहेत. मी कोळशावर जगणाऱ्या गावात वाढलो, म्हणून माणसांबद्दल लिहितो.

ऑस्ट्रेलियातलं हेझलवूड केंद्र, 1,600 मेगावॉट. नोव्हेंबर 2016 मध्ये बंद होणार असं जाहीर झालं आणि मार्च 2017 अखेर बंद झालंसुद्धा. पाच महिने. एवढ्या वेळात कामगार नवं कौशल्य शिकत नाही, घर विकलं जात नाही, मुलांची शाळा बदलत नाही. वीजबाजारही सावरला नाही, भाव चढले. मग नियम आला की मोठं केंद्र बंद करायचं असेल तर तीन वर्षं आधी कळवा.

स्पेनने ऑक्टोबर 2018 मध्ये खाणी बंद करण्याआधी संघटनांशी करार केला. 25 कोटी युरो, वय झालेल्यांना लवकर निवृत्ती, बाकीच्यांना खाणीचा परिसर पूर्ववत करण्याच्या कामात प्राधान्य. जर्मनीने 2020 च्या कायद्यात 2038 ही शेवटची तारीख घातली आणि कोळशाच्या प्रदेशांसाठी 40 अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली. तारीख फार लांबची आहे अशी टीका होते, हवामानाच्या हिशेबाने ती बरोबरच आहे. पण तारीख माहीत असणं याची किंमत खाणीत काम करणाऱ्या घरालाच कळते. कार्बन बाजारात भाव वाढला म्हणून केंद्र परवडेनासं झालं, तर दोष कुणाला द्यायचा तेही कळत नाही. कायद्यात तारीख असेल तर भांडता येतं, मागता येतं.

तारमार्ग

@खाणपट्टा, हा प्रतिसाद मूळ लेखात जोडायला हवा. कार्बनचा भाव आणि कायद्यातली तारीख यांत माणसांच्या दृष्टीने फरक आहे हे मी या अंगाने पाहिलं नव्हतं. ब्रिटनने दोन्ही केलं. 2015 मध्ये 2025 ची तारीख जाहीर केली आणि पुढे ती ऑक्टोबर 2024 वर आणली.

चुनखडी

वीज, वीज, वीज. जगात शेवटी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेत विजेचा वाटा साधारण एक पंचमांश आहे. उरलेलं तेल, गॅस, कोळसा थेट जळतो: वाहनांत, भट्ट्यांत, घरं गरम करायला.

आणि सिमेंट तर ऊर्जेच्याही पलीकडचं. चुनखडी तापवली की चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी पूर्ण सौर विजेवर चालवली तरी तो सुटणारच, कारण तो दगडातच आहे. सिमेंटच्या उत्सर्जनाचा साधारण 60 टक्के भाग असा आहे. इथे पवनचक्की काय करणार? क्लिंकर (भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ घटक) कमी वापरणं, इमारतींच्या मानकांत बदल, आणि उरलेला वायू पकडून जमिनीत पुरणं. पोलादाला तरी वाट आहे. स्वीडनमध्ये 2021 मध्ये हायड्रोजनने लोहखनिजातला ऑक्सिजन काढून पोलाद बनवून दाखवलं. पण ते महाग पडतं, आणि एका देशाने कार्बनवर कर लावला की कारखाना सीमेपलीकडे जातो.

म्हणून युरोपने सीमेवरच कार्बनचा हिशेब मांडायला घेतला. ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती द्यायची होती, 2026 पासून सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खतं वगैरेंच्या आयातीवर खरा भार सुरू झाला. गरीब निर्यातदार देशांना हे अन्यायाचं वाटतं आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पण दुसरी सोय दिसत नाही.

हिशेबी

कर लावणं सोपं, टिकवणं अवघड. ऑस्ट्रेलियाने जुलै 2012 मध्ये टनाला 23 डॉलर भाव लावला, जुलै 2014 मध्ये रद्द. फ्रान्समध्ये 2018 ला इंधनावरचा कार्बन कर 44.60 युरोवर होता, पुढच्या वाढीविरुद्ध पिवळी जॅकिटं घातलेले आंदोलक रस्त्यावर आले आणि वाढ थांबली. कॅनडाने तर बहुतांश पैसे कुटुंबांना परत दिले, तरी 1 एप्रिल 2025 पासून ग्राहकांवरचा भार काढून टाकावा लागला.

चुनखडी

आणि स्वीडनमध्ये 1991 पासून टिकला. टनाला 250 क्रोनरने सुरू होऊन आज हजारावर आहे. लावला तेव्हाच आयकर कमी केला होता आणि लोकांकडे पर्याय होता: घरं गरम करणाऱ्या गावोगावच्या सामायिक तापवाहिन्या तेलावरून लाकडाच्या भुशावर आणि कचऱ्यावर वळवता आल्या. फ्रान्सच्या खेड्यातल्या माणसाला गाडीशिवाय कामावर जाता येत नव्हतं. पर्याय नसलेल्या माणसावर लावलेला कर त्याला शिक्षाच वाटणार.

वनरेषा

'लाकडाचा भुसा' वाचून राहवलं नाही. ब्रिटनच्या यशात एक मोठं कोळसाकेंद्र लाकडाच्या गोळ्यांवर वळवलं गेलं, हेही आहे. चिमणीतून निघणारा कार्बन हिशेबात शून्य धरतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत तो जिथे झाड तोडलं त्या देशाच्या जमिनीच्या खात्यात मोजतात. कागदावर ते चूक नाही. पण तोडलेलं झाड परत वाढायला काही दशकं लागतात आणि तोवर तो कार्बन हवेतच असतो. 'तटस्थ' म्हणताना किती वर्षांत तटस्थ, हे प्रत्येक नियमात लिहिलं गेलं पाहिजे.

लोड_डिस्पॅच

+१. लाकडाची वीज बाजूला काढली तर ब्रिटनचा आलेख थोडा कमी देखणा दिसतो, पण कोळसा गेला हे खरंच.

नवखा_वाचक

श्रीमंत नसलेल्या देशांनी काय करायचं? सगळी उदाहरणं स्वस्त कर्ज मिळणाऱ्यांची आहेत.

तारमार्ग

@नवखा_वाचक, उरुग्वे बघा. तेल नाही, गॅस नाही, कोळसा नाही. दुष्काळ पडला की जलविद्युत आटायची आणि तेल आयात करावं लागायचं. त्यांनी सर्व प्रमुख पक्षांची संमती घेऊन ऊर्जा धोरण ठरवलं, सरकारी वीजकंपनीने लिलाव करून वीस वर्षांचे खरेदी करार दिले. दहा-बारा वर्षांत वाऱ्याचा वाटा जवळजवळ शून्यावरून एक तृतीयांशाच्या आसपास गेला. अनुदान फारसं नव्हतंच. सरकार बदललं तरी करार मोडणार नाही, ही खात्री होती. जलविद्युत आधीच होती हा त्यांचा मोठा फायदा: वारा असताना धरणातलं पाणी राखून ठेवायचं. प्रत्येकाकडे ते नसतं. पण करार पाळण्याची पत कमावता येते, आणि गरीब देशात व्याजदर याच पतीवर ठरतो. वीजकंपनी उत्पादकांचे पैसे महिनोन्‌महिने थकवत असेल तर ऊन कितीही असो, वीज महागच पडणार.

छतावरचा

शेवटी एक विचारतो. छतावरच्या सौर विजेचं ग्रिडला दिलेलं प्रत्येक युनिट बिलातून तसंच वजा, ही पद्धत सगळीकडे हळूहळू बंद होतेय. हे अक्षय ऊर्जेच्या मुळावर येणार नाही का?

लोड_डिस्पॅच

@छतावरचा, वाढीला धक्का बसतो, खोटं कशाला बोलू. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासून ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे 75 टक्क्यांनी घटवला, आणि नव्या जोडण्या झपाट्याने कमी झाल्या. बसवणाऱ्या छोट्या कंपन्यांचे हाल झाले. संक्रमणाला आणखी वेळ द्यायला हवा होता असं माझं मत आहे.

पण जुनी पद्धत दुपारच्या युनिटला आणि रात्री आठच्या युनिटला सारखं मानत होती. ग्रिडवर ते सारखे नसतात. दुपारी ऊन इतकं असतं की वीज कुणाला द्यावी कळत नाही, आणि सूर्य मावळला की तासाभरात हजारो मेगावॉट दुसरीकडून उभे करावे लागतात. नवा दर आल्यावर नव्या सौर जोडण्यांबरोबर बॅटरी बसवणाऱ्यांचं प्रमाण खूप वाढलं. तुमच्या छतावर आज काही नसेल आणि बसवायचं ठरवत असाल, तर बॅटरीची जागा आणि वायरिंग आधीच धरून ठेवा. दर बदलला तरी संध्याकाळी तुमच्याच घरात ती वीज वापरता येईल.